चोपड्याकडे हॅम स्टेशन उभं करतोय: रिग कोणती घ्यावी, काय बदलावं आणि कशाला हात लावू नये?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याचा, रिस्ट्रिक्टेड (सुरुवातीच्या) ग्रेडचा परवाना हातात आला आहे. मोर्सचा सराव चालू आहे, जनरल ग्रेडची परीक्षा नंतर देईन. आता रिग (बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट) घ्यायची आहे आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून हा धागा.

घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. गावाच्या कडेला घर, मागे आमचंच केळीचं रान. रानात सौरपंप बसला आहे आणि रानडुकरांसाठी चारी बाजूंनी झटका मशीनची तार ओढलेली आहे. गच्ची मोठी आहे, दोन उंच निंब आहेत, जागेची अडचण नाही. बोलायचं आहे ते मुख्यतः जळगाव, धुळे, शिरपूर, नाशिककडच्या हॅम मंडळींशी. पुण्या-मुंबईपर्यंत आवाज गेला तर सोन्याहून पिवळं.

समोर तीन वाटा आहेत. एक म्हणजे ओळखीच्या हॅमकडून वापरलेली आयकॉम आयसी-७१८, १०० वॉटची. दुसरी, युबिटेक्स या भारतीय रिगचं किट घेऊन त्याची पॉवर वाढवायची. तिसरी, आधी दोन मीटर बँडवर (१४४–१४६ मेगाहर्ट्झ) सुरुवात करायची आणि त्यासाठी कंपनीतून निघालेला मोटोरोला जीएम-३०० वायरलेस सेट बदलून घ्यायचा. तिन्ही एकदम होणार नाहीत. केळीचे पैसे आले की एकच घेता येईल. अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

गिरणेचा_बंधारा

परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन, भाऊ. आपल्याकडे नवा माणूस या छंदात येतो तेव्हा फार बरं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. रिग सगळ्यात शेवटी ठरवा. पैशाचा पहिला वाटा अँटेना, केबल आणि पॉवर सप्लायला द्या, दुसरा वाटा आवाज कमी करायला, म्हणजे रिसीव्हरमध्ये येणारी घरघर घालवायला. उरेल त्यात बसेल ती रिग घ्या. हे उलटं केलं की १०० वॉटची रिग टेबलावर येते आणि तिच्यात ऐकू काहीच येत नाही.

आकडे मांडतो. १० वॉटवरून १०० वॉटवर गेलात तर १० डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट वाढला ते मोजायचं माप) मिळतात. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक काटा (एस-३ ते एस-४ अशी एक पायरी) ६ डीबीचा, म्हणजे समोरच्याकडे दोन काटेही पुरते वाढत नाहीत. ५ वॉटचे २० केले तर नेमका एक काटा. आता ऐकण्याची बाजू बघा. तुमच्याकडे दिवसभर एस-७ घरघर असेल आणि ती एस-३ वर आणली, तर चार काटे, म्हणजे २४ डीबी. तेवढीच भर पॉवरमधून काढायची तर समोरच्या प्रत्येक माणसाला अडीचशे पट पॉवर वाढवावी लागेल. सौरपंप आणि झटका मशीन, दोन्ही तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. तुमची खरी लढाई तिथे आहे.

अँटेना ४० मीटर बँडची डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन समान हातांची वायर) लावा. आपल्याकडे हा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. लांबी काढायला १४३ ला फ्रिक्वेन्सीने भागायचं: ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर, म्हणजे एका बाजूला दहा मीटरच्या किंचित वर. प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर थोडी कमी लांबीतच जुळते, तरी कापताना लांबच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळली ते सांगणारा आकडा) बघत दुमडत या. मध्यभाग गच्चीवरच्या पाइपावर, टोकं दोन निंबांना. आठ-दहा मीटर उंची पुरे. कमी उंचीच्या डायपोलचा सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पडतो. दिवसा नाशिक, पुणे, संभाजीनगर, इंदूर सगळं त्या वर्तुळात येतं. तुम्हाला बोलायचं आहे तेही तिथेच.

वायरीसाठी बाजारात शोधत बसू नका. गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान असेलच. सबमर्सिबलच्या वाइंडिंगची प्लॅस्टिक वेष्टनाची तांब्याची तार डायपोलला उत्तम. बालनच्या (केबल आणि डायपोल जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) गुंडाळ्यांना लागणारी इनॅमलची तारही तिथेच किलोवर मिळते.

पांझरा_धुळे

गिरणाभाऊंशी पूर्ण सहमत. आमन्या अहिराणीत सांगू तं, पहिले कान, मंग तोंड.

वापरलेली आयसी-७१८ मिळत असेल तर ती वाईट निवड नाही. जुनी, सरळ, कमी बटणांची रिग आहे. पडद्यावर बँडवरचे सिग्नल दाखवणारा धबधबा दिसत नाही, संगणकाला जोडायचं यूएसबी नाही, पण बोलण्यासाठी आणि मोर्ससाठी जे लागतं ते सगळं आहे. घेण्याआधी काय बघायचं ते लिहितो, कारण फोटोवरून रिग घेऊ नये.

डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर गिळणारा रेझिस्टर) सोबत न्या. नसेल तर बनवा: १ किलोओहमचे, २ वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, त्यांच्यात गुंडाळीचं इंडक्टन्स येतं. डमी लोडवर प्रत्येक बँडला पॉवर मोजा. एखाद्याच बँडवर पॉवर पडत असेल तर त्या बँडच्या फिल्टरचा रिले किंवा कपॅसिटर गेलेला असू शकतो. सगळ्याच बँडवर कमी असेल तर फायनल (पॉवर देणाऱ्या शेवटच्या) ट्रान्झिस्टरकडे किंवा त्याआधीच्या ड्रायव्हरकडे संशय जातो. वर सांगितलेल्या लोडवर ४० वॉटच्या वर जाऊ नका आणि सलग दाबून धरू नका.

१० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळकेंद्राचा सिग्नल लावा. डायल नेमकी १०.०००० वर ठेवून यूएसबी (वरची साइडबँड) आणि एलएसबी (खालची साइडबँड) दोन्ही मोडमध्ये ऐका. दोन्हीकडे सूर सारखा आला तर डायल बरोबर आहे, वेगळा आला तर फरक किती ते कळतं. मग स्क्रूंची डोकी बघा. घासलेली असतील तर आत कुणीतरी हात घातला आहे. का घातला ते विचारायचं, लाजायचं नाही.

विकणाऱ्याच्या परवान्याची प्रत, रिगचा अनुक्रमांक घातलेला विक्रीचा कागद, दोन्ही घ्या. आणि रिस्ट्रिक्टेडला परवान्यात जी पॉवर दिली आहे तिच्या आतच चालवा. रिग १०० वॉटची असली तरी पॉवर मेनूतून खाली आणता येते, आणि खाली चालवलेली रिग उन्हाळ्यातही गार राहते.

केळीपट्टा_रावेर

सौरपंपाबद्दल मी सांगतो, आमच्या रानात तीन आहेत.

घरघर नेमकी कशाची हे आधी पक्कं करा. सौरपंपाच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलच्या डीसीचे तुकडे पाडून मोटारीसाठी तीन फेज एसी बनवतात. हे तुकडे पडताना उठणारा कचरा पॅनेलच्या लांब वायरींवर चढतो आणि त्या वायरीच अँटेना होतात. ओळखायचं सोपं आहे: ही घरघर उन्हाबरोबर चढते-उतरते. ढग आला की तिचा सूर बदलतो, संध्याकाळी पंप थांबला की बंद. रात्रीही तशीच राहिली तर गुन्हेगार दुसरा, बहुतेक एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर किंवा इन्व्हर्टर.

झटका मशीनचा आवाज वेगळा. साधारण सेकंदाला एक टक, घड्याळासारखा नियमित, सगळ्या बँडवर. मशीन नीट असेल आणि तार स्वच्छ असेल तर हा आवाज फार त्रास देत नाही. त्रास होतो तो गवत तारेला टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा तारेचा जोड सैल झाला की. तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी म्हणजेच एक लहानसा ट्रान्समीटर. रात्री अंधारात तारेच्या कडेने चालत जा. ठिणगी डोळ्यांना दिसते, कानांनाही चटचट ऐकू येते. गवत काढा, इन्सुलेटर बदला, अर्थिंगची सळई ओल्या जागी ठोका. शेताचाही फायदा, कारण ठिणगीत वाया जाणारा झटका डुकराला बसत नाही.

कंट्रोलरवर उपाय करताना पॅनेलकडून येणाऱ्या प्लस-मायनस दोन्ही वायरी एकत्र पिळून, एकाच फेराइट रिंगमधून जितके वेढे बसतील तितके द्या. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ नंबरच्या मिश्रणाची रिंग घ्यावी. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एकाऐवजी चार वेढे म्हणजे जवळजवळ सोळा पट. नुसती क्लिप अडकवून फरक पडला नाही म्हणणारे बरेच भेटतात, त्यांनी वेढे दिलेलेच नसतात. कंट्रोलर हमीत असेल तर आत उघडू नका. बाहेरच्या वायरींवरच काम करा, तेही सकाळी ऊन पडायच्या आत आणि आयसोलेटर पाडून. पॅनेलच्या माळेवर काही शे व्होल्ट डीसी असतं, ते माणसाला सोडत नाही.

तापीकाठ

केळीपट्टा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून काल छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन रानात फिरलो. टक टक स्पष्ट येते. पूर्वेच्या बांधाला, जिथे घाणेरी वाढली आहे तिथे सर्वात जास्त. दुपारी सौरपंपाच्या पॅनेलजवळ नुसता खर्रर्र आवाज, आणि घराच्या दिशेने तीस-चाळीस पावलं आलं की बराच कमी.

म्हणजे अँटेना घराच्या पश्चिमेला, पंपापासून लांब टाकावी, बरोबर ना? आणि युबिटेक्सबद्दल कुणीच बोललं नाही अजून. हाताने काहीतरी करायची मला खरंच ओढ आहे.

साक्रीचा_वारा

युबिटेक्सबद्दल मी लिहितो. गेली काही वर्षं बिटेक्स कुळातल्याच रिगवर माझं बहुतेक बोलणं होतं.

पार्श्वभूमी नव्या वाचकांसाठी. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्सची रचना केली. हेतू असा की भारतात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून कुणालाही एसएसबी (एकाच साइडबँडवर आवाज पाठवणारा) ट्रान्सीव्हर बांधता यावा. पुढे ४० मीटरपुरता बिटेक्स-४० तयार बोर्डाच्या रूपात आला, आणि मग ३ ते ३० मेगाहर्ट्झवर चालणारा युबिटेक्स. युबिटेक्समध्ये अर्डुइनो नॅनो आणि एसआय-५३५१ ही चिप फ्रिक्वेन्सी बनवतात, पहिला आयएफ (आतली मधली फ्रिक्वेन्सी) ४५ मेगाहर्ट्झचा, दुसरा १२ च्या आसपासचा, आणि शेवटी दोन आयआरएफ-५१० मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर). ४० मीटरवर दहा वॉटच्या आसपास मिळतात, वरच्या बँडला कमी होत जातात. सगळ्या जगात आज ही रिग बांधली जाते आणि तिचा आराखडा खुला आहे. याचा मला फार अभिमान वाटतो.

आता बदलांबद्दल. कुठले करावेत यावर माझी ठाम मतं आहेत.

सुरुवात उष्णतेपासून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खोलीतही चाळीस असतं. आयआरएफ-५१० तापला की त्याचं थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं) व्होल्टेज उतरतं, त्यामुळे त्याच बायसला (गेटवर ठरवून दिलेल्या व्होल्टेजला) जास्त करंट वाहतो, तो आणखी तापतो, आणि हे चक्र मॉसफेट जाईपर्यंत थांबत नाही. जानेवारीत लावलेला बायस मे महिन्यात जास्त ठरतो. म्हणून मोठा हीटसिंक, एक लहान पंखा, आणि बायस तापलेल्या अवस्थेत मोजून लावायचा: प्रत्येक मॉसफेटला स्थिर करंट १०० मिलिअँपच्या आसपास. मॉसफेटची पाठ ड्रेनला जोडलेली असते, त्यामुळे हीटसिंक खोक्याला लावणार असाल तर मध्ये अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचा वायसर हवाच. नाहीतर सप्लाय सरळ शॉर्ट.

दुसरा बदल एजीसीचा, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटचा. सुरुवातीच्या बोर्डांत तो नाहीच. शिरपूरचा जवळचा स्टेशनवाला अचानक बोलला की कान फुटतात. साधं एजीसीचं सर्किट बसवलं की ऐकणं सुखाचं होतं. पॉवर वाढवण्याआधी हे करा.

पॉवर वाढवणं शेवटी, आणि तेही जपून. बिटेक्स-४० मध्ये फायनलचा सप्लाय वेगळा देता येतो. त्याला २४ व्होल्ट दिले की पाच-सातऐवजी वीसेक वॉट मिळतात. पण वर गिरणाभाऊंनी सांगितलंच आहे, हा फक्त एक काटा. त्यासाठी हीटसिंक दुप्पट, आउटपुटच्या फिल्टरमधले कपॅसिटर जास्त व्होल्टेजचे, आणि बायस नव्याने. मी केलं, चालतं, पण सुरुवातीला करायची ही गोष्ट नाही.

एक इशारा. युबिटेक्सच्या पाचव्या आवृत्तीआधीच्या बोर्डांत हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिपटीवर जाणारे) आणि इतर नको ते सिग्नल मर्यादेपेक्षा जास्त जात. फिल्टरचे रिले आणि पट्ट्या जवळजवळ असल्याने फिल्टरला वळसा घालून सिग्नल गळत होता. पाचवीत ते सुधारलं. जुना बोर्ड स्वस्तात मिळाला तर ही दुरुस्ती केल्याशिवाय हवेत जाऊ नका.

पांझरा_धुळे

साक्रीचा वारा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. तरी इथे असहमत. नव्या माणसाने पहिली रिग म्हणून किट घेऊ नये.

कारण एकच. सुरुवातीला समोरून उत्तर आलं नाही की चूक कुठे आहे ते त्याला कळलं पाहिजे. अँटेना, केबल, सप्लाय, बँडची अवस्था, रिग, पाच ठिकाणं संशयाची. रिग फॅक्टरीची असेल तर त्यातलं एक ठिकाण कमी होतं. एक भरवशाची रिग टेबलावर असली की तिच्याशी ताडून किटही नीट लावता येतं: किटचा सिग्नल शेजारच्या रिगमध्ये ऐकायचा, आवाज स्वच्छ आहे का, सरकतो का, सगळं कळतं.

साक्रीचा_वारा

मुद्दा मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. फॅक्टरीची रिग बिघडली तर आपल्या भागात ती कोण उघडणार? पुण्या-मुंबईला पाठवा आणि वाट बघा. किट बांधणाऱ्याला आतलं सगळं माहीत असतं. आयआरएफ-५१० गेला तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळतो, पोस्टाने येतो आणि आपणच बसवतो. जपानी रिगचे फायनल तसे मिळत नाहीत.

आणखी एक. युबिटेक्स बोलताना दोन-तीन अँपिअरच ओढते. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी तिला संध्याकाळभर पुरते. लाइट गेली तरी स्टेशन चालू. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी संपर्क राखला तो अशाच बॅटरी-जनरेटरवर. १०० वॉटची रिग ट्रान्समिटला २० अँपिअर मागते, तिथे फवारणी पंपाची बॅटरी काय करणार?

गिरणेचा_बंधारा

दोघांचंही खरं आहे, आणि निवड धागाकर्त्याच्या स्वभावावर आहे. २० अँपिअरचा विषय निघालाच आहे तर वायरीचं सांगतो, कारण इथे बहुतेक लोक फसतात. सप्लायपासून रिगपर्यंत ३ मीटर अंतर आणि अडीच स्क्वेअरची वायर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. २० अँपिअरला त्यावर जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतात. सप्लाय १३.८ दाखवतो, रिगला मिळतात १२.९, आणि बोलताना आवाज चिरतो. सहा स्क्वेअरची वायर घेतली तर हीच घट ०.४ च्या आत येते. त्याहून चांगलं म्हणजे सप्लाय रिगच्या शेजारीच ठेवा.

सीसीटीव्हीचे १२ व्होल्टचे एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) स्वस्त मिळतात, त्यांचं व्होल्टेज स्क्रूने १३.८ पर्यंत चढतं. पण विकत घेण्याआधी शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवून ऐका. काही फार घाण करतात.

वाघूरकाठची

मी भौतिकशास्त्र शिकवते, जळगावजवळ राहते. दोन मीटरच्या वाटेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तुमचं गाव ते जळगाव सरळ रेषेत धरा चाळीसेक किलोमीटर. व्हीएचएफचं (दोन मीटर बँड त्यातच येतो) क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं मिळवून ४.१२ ने गुणायचं. दोन्हीकडे दहा मीटर उंची असेल तर २६ किलोमीटर. दोन्हीकडे वीस मीटर केली तर ३७. म्हणजे जळगाव अगदी काठावर आहे. चांगल्या यागी (एकाच दिशेला जोर देणाऱ्या) अँटेनाने थोडं पलीकडे जाता येतं, पण हातातल्या पाच वॉटच्या सेटने गावातून जळगाव गाठायची आशा ठेवू नका. तोरणमाळच्या पठारावरून मात्र चित्र बदलतं. तापीच्या खोऱ्यापेक्षा ते सुमारे नऊशे मीटर उंच. त्याच सूत्राने एकशे तीस किलोमीटरच्या पुढे क्षितिज जातं.

जीएम-३०० मजबूत आहे, शंका नाही. पण घेण्याआधी लेबल वाचा. १३६–१६२ मेगाहर्ट्झचा असेल तर १४४–१४६ सहज बसतं. १४६–१७४ चा असेल तर प्रोग्रामच १४६ च्या खाली फ्रिक्वेन्सी घेत नाही. मग फाइलमधले आकडे हाताने बदलावे लागतात आणि तरीही सिंथेसायझर (फ्रिक्वेन्सी बनवणारा भाग) लॉक होईलच असं नाही. प्रोग्राम करायला रिब नावाचा मधला डबा आणि डॉसवर चालणारा जुना, संथ संगणक लागतो. हे सगळं ज्याच्याकडे आहे असा माणूस ओळखीचा असेल तरच या वाटेला जा.

दोन मीटरवर केबलचाही विचार करा. २० मीटर आरजी-५८ लावली तर १४५ मेगाहर्ट्झला जवळजवळ ४ डीबी त्यातच जातात. २५ वॉट टाकले, अँटेनाला दहाच पोचले. डिशवाल्यांची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी तिच्यात याच्या निम्मीच घट होते. ५० ओहमशी न जुळल्याने एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास येतो, तो रिग सहन करते. फक्त तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, कथिल धरत नाही, म्हणून दाबून बसवायचे एफ कनेक्टर वापरा. ४० मीटरवर मात्र २० मीटर आरजी-५८ ची घट एका डीबीच्याही आत आहे. तिथे ती बिनधास्त चालेल.

सातपुडा_पायवाट

ताई, छान माहिती. एक विचारतो. जपानी रिग आतला एक डायोड काढून "ओपन" करतात, मग ती कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समिट करते. जंगलात आमच्या गटाला उपयोग होईल. घेतानाच ओपन केलेली घ्यावी का?

वाघूरकाठची

नाही. आणि हे मी कळकळीने सांगते.

परवाना तुम्हाला हॅम बँडचा मिळाला आहे. त्याबाहेर एक शब्दही बोलण्याचा अधिकार तो देत नाही. सातपुड्यात वनखातं, पोलीस, रेल्वे, विमानं या सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी आहेत. चुकून त्यांच्यावर पडलेला तुमचा सिग्नल कुणाच्या मदतीच्या हाकेवर बसू शकतो. तुमच्या गटातल्या बिनपरवाना सभासदांच्या हातात सेट देणंही बेकायदा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिनी हँडसेटचंही तेच: परवानाधारकाने, मान्यता असलेलाच, कागदासह घ्यावा.

तांत्रिक बाजूही आहे. रिगचे फिल्टर हॅम बँडांसाठी बनवलेले असतात. बँडबाहेर ट्रान्समिट केलं तर हार्मोनिक नीट अडतीलच असं नाही. गटाला बोलायचं असेल तर प्रत्येकाने रिस्ट्रिक्टेडची परीक्षा द्यावी. बारा वर्षांच्या पुढचा कुणीही देऊ शकतो, मोर्स लागत नाही. मी शिकवायला तयार आहे.

सातपुडा_पायवाट

समजलं ताई. गटात पाच जण तयार होतील असं वाटतं. निरोप पाठवतो.

पाचोऱ्याचा_पोरगा

मी अभियांत्रिकीला आहे. परवाना अजून नाही, पण ऐकण्यात रमलो आहे. एक स्वस्त वाट सुचवतो. घरी बंद पडलेली डीटीएचची डिश असेल ना? क्यूओ-१०० हा हॅम ट्रान्सपॉन्डर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा सेट) असलेला भूस्थिर उपग्रह २५.९ अंश पूर्वेवर आहे, आणि आपल्याकडून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून तीसेक अंशांवर दिसतो. त्याचा आवाजाचा पट्टा १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. साध्या युनिव्हर्सल एलएनबीचा (डिशच्या तोंडावरच्या डब्याचा) ऑसिलेटर ९७५० चा, म्हणून केबलवर तो सिग्नल ७३९.५ च्या पुढे येतो आणि आरटीएल-एसडीआर डोंगलने (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरने) ऐकता येतो. एलएनबीला १३ व्होल्ट द्यायचे, म्हणजे उभं पोलरायझेशन. मात्र ते डोंगलपर्यंत पोचू देऊ नका, मध्ये बायस-टी (डीसी वेगळं ठेवणारा जोड) लावा.

अडचण एकच, एलएनबी उन्हात तापली की फ्रिक्वेन्सी सरकते, आणि आपल्या उन्हात खूपच सरकते. आतला २५ किंवा २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर) बसवला की सिग्नल जागेवर राहतो. धातूच्या पेटीत सोल्डरिंगचं बारीक काम आहे, पण युरोप-आफ्रिकेतली माणसं स्वच्छ ऐकू आली तेव्हा मला झोप लागली नव्हती.

केळीपट्टा_रावेर

वा! हे करून बघणार. शाबास रे पोरा. परीक्षेचा अर्ज कर लवकर.

तापीकाठ

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. मी असं ठरवलं आहे.

पूर्वेच्या बांधावरची घाणेरी काढायला आज माणूस लावला, फुटलेले दोन इन्सुलेटरही सापडले. डायपोल पश्चिमेकडच्या निंबांमध्ये जाईल, रिवाइंडिंगवाल्या नानांनी तार काढून ठेवली आहे. सौरपंपासाठी ३१ नंबरच्या रिंगा मागवल्या. आयसी-७१८ बघायला जाताना डमी लोड घेऊन जाईन, आणि कागद नीट असतील तर तीच घेईन. युबिटेक्स पुढच्या हंगामात, साक्रीच्या भाऊंना विचारत विचारत. दोन मीटर सध्या नाही.

एक शंका उरली. वळवाच्या पावसात इथे विजा फार पडतात. निंबावरच्या वायरीचं काय करायचं?

गिरणेचा_बंधारा

वादळ दिसायच्या आधीच केबल रिगपासून काढा. काढलेलं टोक घरात ठेवू नका, खिडकीबाहेर पेटीत न्या आणि तिथे जमिनीत ठोकलेल्या अर्थ सळईला जोडा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईचा धर सुटतो, म्हणून सळई भेगांच्या खाली, ओल लागेपर्यंत न्या. स्टेशनची सळई घराच्या अर्थिंगशी जाड तारेने बांधलेली असावी, दोन वेगळ्या अर्थिंग ठेवू नका. सप्लायची पिनही भिंतीतून काढा, वीज मेनमधूनही येते. एकदा गडगडाट ऐकू आला की मग केबलला हात लावायला जायचं नाही.

टोकांच्या दोऱ्यांना निंबाच्या झुलण्यापुरती ढील द्या. एका टोकाला कप्पीवरून दोरी घेऊन खाली वजन बांधलं तर वादळात वायर तुटत नाही. टोकाच्या इन्सुलेटरला जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे चालतात, विकत आणायची गरज नाही.

पांझरा_धुळे

तापीकाठ भाऊ, रिग बघायला जाल त्या दिवशी आदल्या रात्री निरोप टाका. मना कडे पॉवर मीटर शे, मी शिरपूरमार्गे येतो आणि डायपोल ताणताना एसडब्ल्यूआरही बघून देतो.